जुन्या मोटरसायकलच्या वायरिंगमधील बिघाड कसा शोधावा

वीस-तीस वर्षे वापरलेल्या मोटरसायकलचा दिवा मिणमिणू लागला, हॉर्न घोगरा झाला किंवा गाडी चालता चालता बंद पडून पाच मिनिटांनी आपसूक सुरू झाली, की बहुतेक ठिकाणी बदलाबदली सुरू होते: आधी बॅटरी, मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला मानवेल अशी करणारा भाग), मग सीडीआय (ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि शेवटी एचटी कॉइल (प्लगसाठी उच्च व्होल्ट तयार करणारी). बदललेला प्रत्येक भाग मुळात जुनाच असल्यामुळे थोडाफार फरक जाणवतोही, पण काही दिवसांत मूळ तक्रार परत येते. जुन्या गाडीत विजेचा दोष सुट्या भागांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या वाटेत जास्त वेळा असतो. कपलरमधल्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडातल्या) गंजलेल्या पिना, इग्निशन (चावीच्या) स्विचचे झिजलेले संपर्कबिंदू, हँडलपाशी आतून तुटलेली वायर आणि रंगाच्या थरावर आवळलेला अर्थिंगचा, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट चासीला जोडणारा, बोल्ट ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत.

ही वाट तपासताना मल्टिमीटर हाती असूनही माणूस फसतो, आणि त्याचे एक निश्चित कारण आहे. डिजिटल मल्टिमीटर व्होल्ट मोजताना वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्यामुळे वायरीतील वीस तारांपैकी एकोणीस तुटून एकच शिल्लक राहिलेली असली, तरी दिवा बंद असताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण ‘इथपर्यंत करंट येतो आहे’ असे म्हणून पुढे जातो. दिवा लावला, की त्या एका तारेला चार-पाच अ‍ॅम्पिअर वाहून नेता येत नाहीत आणि व्होल्ट कोसळतात. म्हणून पुढील मोजमापे, जिथे मुद्दाम वेगळे सांगितलेले नाही तिथे, संबंधित दिवा किंवा हॉर्न चालू ठेवूनच घ्यावीत. कंटिन्युइटीच्या ‘बीप’वर तर अजिबात विसंबू नये. तो आवाज वायर जोडलेली आहे एवढेच सांगतो, ती काम करण्याजोगी आहे की नाही हे सांगत नाही.

लागणारे साहित्य

साहित्य फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या तीन-चार वायरी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पितळी तारांचा लहान ब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि थिंबल (वायरीच्या टोकावर बसवायचे धातूचे टोक) दाबण्याचा बरा पक्कड-पंच एवढे पुरते. या सर्वांइतकीच उपयोगाची वस्तू म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरसह, आणि त्याला सोडलेल्या दोन लांब वायरी. हा घरगुती टेस्ट लॅम्प १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अ‍ॅम्पिअर ओढतो, म्हणजे मल्टिमीटरला जे जमत नाही तेच करतो: वाटेवर खरा भार टाकतो. मात्र तो सीडीआय, त्याला ठिणगीचा इशारा देणारी पिकअप कॉइल किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक युनिटच्या सिग्नलच्या वायरींना लावू नये, कारण एवढा प्रवाह सोसण्यासाठी त्या बनवलेल्या नसतात.

गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवावा आणि त्याची मोठी प्रत काढून प्रत्येक वाट वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने रंगवावी. अर्धा तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात. वायरींच्या रंगांचे काही संकेत लक्षात असावेत. जपानी गाड्यांपैकी होंडामध्ये अर्थिंगची वायर हिरवी असते, यामाहात काळी, सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ आणि कावासाकीत काळ्यावर पिवळी रेघ असते. स्टेटरमधून (इंजिनातल्या वीज निर्माण करणाऱ्या कॉइलमधून) येणाऱ्या तीन सारख्या वायरी बऱ्याचदा पिवळ्या असतात. तरीही जुन्या गाडीत रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नये. आधीच्या एखाद्या मालकाने घाईत जोडलेला लाल तुकडा टेपखाली निळा होऊन बाहेर पडलेला सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी बोटातील अंगठी आणि मनगटावरील धातूचे कडे काढून ठेवावे. टाकी उतरवली असेल तर ती दूर नेऊन ठेवावी आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय कोणतीही ठिणगी पडू देऊ नये. बॅटरी सोडताना चासीला जोडलेली बाजू आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. ही बाजू बहुतेक गाड्यांत ऋण असते, पण अनेक जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींमध्ये धन बाजू चासीला जोडलेली असे. अशा गाडीत सवयीने उलटी बॅटरी जोडली, तर रेक्टिफायरचे डायोड तत्काळ जातात.

तक्रार नीट ऐकून घ्यावी

पहिली पायरी पाना न उचलता करायची आहे. काय बंद आहे याबरोबरच काय चालू आहे, हेही लिहून काढावे. फक्त हॉर्न बंद असेल, तर दोष हॉर्न, त्याचे बटण आणि त्यांच्यामधील वायर एवढ्यातच असतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट एकदम गेले असतील, तर त्या प्रत्येकाकडे वेगळे पाहण्यात अर्थ नाही. डायग्रामवर या तिघांच्या वाटा मागे मागे नेल्या की एका ठिकाणी एकत्र येतात, आणि बिघाड त्या ठिकाणी किंवा त्याच्या बॅटरीकडील बाजूला असतो. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, पावसानंतरच बंद, हँडल एका बाजूला वळवल्यावरच बंद, खड्ड्यातच बंद, अशा खुणांना मीटरच्या आकड्याइतकेच महत्त्व द्यावे.

बॅटरीपासून सुरुवात

बॅटरीची खात्री पटल्याशिवाय पुढचे एकही मोजमाप विश्वासार्ह ठरत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा एक सेल पूर्ण चार्ज असताना साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून सहा सेलच्या बॅटरीवर गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट यावेत. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी भरलेली आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीत हेच आकडे निम्मे धरावेत. नुकतीच चार्जरवरून काढलेली बॅटरी काही काळ वाढीव आकडा दाखवते, म्हणून हेडलाइट दोन मिनिटे लावून, बंद करून, थोडे थांबून मग मोजावे.

त्यानंतर सेल्फ दाबून, म्हणजे सर्वांत मोठ्या भाराखाली, बॅटरीच्या शिशाच्या टोकांवरच मोजावे. आकडा साधारण ९.५ ते १० व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी अशक्त आहे. तो ११ च्या आसपास टिकला आणि तरीही सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीला दोष न देता जाड केबल, सेल्फ रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) आणि इंजिनाचे अर्थिंग तपासावे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशावर आणि दुसरी त्यावर आवळलेल्या थिंबलवर ठेवून सेल्फ दाबण्याची चाचणी दहा सेकंदांची आहे. त्या दोघांमध्ये पाव व्होल्टही दिसला, तर जोड उघडून घासून पुन्हा आवळावा. ‘टक-टक’ असा सलग आवाज बहुधा बॅटरी किंवा जोड अशक्त असल्याचे सांगतो. एकच ठाम ‘टक’ होऊन शांतता असेल, तर रिलेचे संपर्कबिंदू किंवा मोटर पाहावी.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर

फ्यूज वायरीचे रक्षण करतो, दिव्याचे नाही. त्यामुळे १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज जातो म्हणून ३० चा बसवला, की फ्यूजऐवजी वायर तापते आणि एका वायरीबरोबर अख्खे वायरिंग किट वितळते. शॉर्ट शोधण्यासाठी एकामागून एक फ्यूज जाळण्याचीही गरज नाही. फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांना तो २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि इग्निशन चालू करावे. वाट चासीला थेट टेकलेली असेल, तर बल्ब पूर्ण प्रखर पेटतो. एरवी तो विझलेला किंवा मंद राहतो. शॉर्ट कायम असला तरी बल्बमुळे प्रवाह पावणेदोन अ‍ॅम्पिअरच्या वर जात नाही, म्हणून निवांतपणे काम करता येते.

यात एक बारकावा आहे. पॉइंट-इग्निशनची (यांत्रिक संपर्कबिंदूंनी ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पद्धतीची) कॉइल किंवा हेडलाइट जोडलेला असताना त्यांच्यातून जाणाऱ्या प्रवाहामुळेही बल्ब काही अंशी पेटतो, म्हणून ती उपकरणे आधी सोडवून ठेवावीत. मग बल्ब नजरेसमोर ठेवून एकेक कपलर उघडत जावे. ज्या कपलरपाशी बल्ब विझला, त्याच्या पुढच्या भागात शॉर्ट आहे. कपलर उघडूनही तो विझत नसेल, तर वायरिंग हलकेच हलवत, वाकवत पुढे सरकावे आणि बल्ब लुकलुकला की तिथेच टेप उघडावी. टाकीखाली चासीच्या कडेवर, सीटच्या बिजागरीखाली आणि मागच्या मडगार्डमधून वायरी जिथून बाहेर पडतात त्या भोकाच्या धारेवर इन्सुलेशन सर्वाधिक घासले जाते.

व्होल्ट कुठे हरवतात

मंद दिवा, घोगरा हॉर्न, अडखळणारा इंडिकेटर या तक्रारींत वाट तुटलेली नसते, अडलेली असते, आणि जुन्या गाडीच्या तक्रारींत त्यांचाच भरणा असतो. यासाठी ज्या मोजमापाला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात ते मन लावून शिकावे. एवढे एकच कौशल्य आले, तरी निम्म्या तक्रारी सुटतात.

एक उदाहरण घेऊ. हेडलाइट चालू आहे. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत, पण बल्बच्या दोन टोकांवर १०.६ आहेत. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत खर्च झाले. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात न घटता त्याहून कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे एवढ्याशा तुटीने प्रकाश जवळजवळ चाळीस टक्के कमी होतो. आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या धन टोकावर कायम धरावी आणि काळी पिन बल्बच्या धन टोकाला लावावी. दिवा चालूच आहे. समजा, आकडा १.१ आला, ही धन वाटेतील तूट झाली. मग काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन बल्बच्या अर्थिंगच्या टोकावर ठेवावी. तिथे ०.७ आला. दोन्हींची बेरीज १.८, म्हणजे हिशेब जुळला आणि दोष दोन ठिकाणी आहे, हेही कळले.

आता धन वाटेवर काळी पिन टप्प्याटप्प्याने मागे आणावी. फ्यूजच्या पलीकडे ०.१, इग्निशन स्विचमध्ये शिरताना ०.२ आणि स्विचमधून बाहेर पडताना ०.८ असे आकडे आले, तर स्विचच्या आतच ०.६ व्होल्ट जात आहेत. पाच अ‍ॅम्पिअरवर याचा अर्थ त्या चिमुकल्या संपर्कबिंदूवर तीन वॅटची उष्णता सतत निर्माण होते आहे, असा होतो. स्विचचा तळ उघडला की ते डोळ्यांनाही दिसते: पितळी पट्टी काळवंडलेली, तिच्याखालचे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित खचलेले आणि वंगण वाळून खळीसारखे कडक झालेले. पट्टी पॉलिश पेपरने उजळून, स्प्रिंगचा ताण पाहून, थोडे नवे वंगण लावून बसवली, तर बऱ्याचदा तोच स्विच पुढे वर्षानुवर्षे चालतो.

तुटीच्या कमाल मर्यादा ढोबळमानाने अशा धराव्यात: अर्थिंगच्या संपूर्ण वाटेवर ०.२ व्होल्ट, हेडलाइटच्या संपूर्ण धन वाटेवर ०.५ व्होल्ट आणि कोणत्याही एका कपलरवर ०.१ व्होल्ट. ओहम मोजून हे का कळत नाही, असा प्रश्न पडू शकतो. पाच अ‍ॅम्पिअरच्या वाटेत ०.२ ओहमचा अडथळाही एक पूर्ण व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच तेवढा असतो.

जुन्या, लहान इंजिनांच्या अनेक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या एसी प्रवाहावर चालतो. इंजिन बंद असताना तो लागत नाही आणि रेसबरोबर त्याचा प्रकाश वाढतो. तिथे मीटर डीसीवर ठेवला, तर आकडा शून्य येतो आणि धांडोळा भलत्याच दिशेला जातो.

अर्थिंग

अर्थिंग बिघडले, की गाडी विचित्र वागू लागते. ब्रेक दाबल्यावर स्पीडोमीटरमधील लहान दिवा अंधुक पेटतो, टेललाइट लावलेला असताना ब्रेक दाबला तर प्रकाश वाढण्याऐवजी कमी होतो, किंवा एका बाजूचा इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच तालावर लुकलुकतो. यात भुताटकी काही नाही. टेल-ब्रेकच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असून दोन्हींचे अर्थिंग एकच असते. ते तुटले, की ब्रेकचा प्रवाह परतीसाठी दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेललाइटच्या वायरीने स्पीडोमीटरपर्यंत जातो आणि तिथल्या दिव्यातून चासीत उतरतो. असे लक्षण दिसताच बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर थेट टेललाइटच्या अर्थिंगला टेकवावी. सगळे सुरळीत झाले, तर निदान पक्के.

अर्थिंगच्या जागेवरील रंग आणि गंज घासून खालचा उजळ धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळावे आणि मगच वरून व्हॅसलीन किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा. नवा रंग दिलेल्या चासीवर हे विशेष जपावे, कारण हौसेने केलेल्या पावडर कोटिंगनंतर गाडीतली वीज गायब झाल्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा एवढेच असते. हेडलाइट आणि इंडिकेटर यांचे अर्थिंग हँडलच्या बेअरिंगमधून होत असेल, तर तिथून चासीपर्यंत वेगळी वायर टाकावी. ग्रीस भरलेल्या गोळ्यांवर विजेची वाट सोपवू नये.

हॉर्नबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच गाड्यांत हॉर्नला धन वायर कायम जोडलेली असते आणि बटण फक्त अर्थिंगची बाजू पूर्ण करते. हँडल वळवताच हॉर्न आपोआप वाजत असेल, तर बटणाची वायर कुठेतरी सोलून चासीला टेकते आहे, असे खुशाल समजावे.

येणारा-जाणारा दोष

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीने मला सर्वांत जास्त छळले ते डाव्या वळणावर. वेग कमी करून हँडल पूर्ण डावीकडे वळवले, की इंजिन क्षणभर गचका खाई आणि सरळ होताच ठीक चाले. मीटरवर १२.४ व्होल्ट, कंटिन्युइटीचा बीप स्वच्छ, वायरीवर एकही ओरखडा नाही. शेवटी इग्निशन स्विचकडून येणाऱ्या वायरीच्या पुढच्या टोकाला तो २१ वॅटचा बल्ब जोडला, दिवा पेटता ठेवला आणि हेडस्टॉकजवळची (हँडल चासीला जिथे बसते तिथली) एकेक वायर दोन बोटांत धरून हलके ओढत गेलो. एक काळी वायर रबरासारखी किंचित ताणली गेली आणि बल्ब विझला. तांबे आत पूर्ण तुटलेले होते, वरचे इन्सुलेशन मात्र शाबूत होते आणि तारांची टोके एकमेकांना टेकून काम चालवत होती. निरोगी वायर ओढल्यावर ताणली जात नाही. ही ओढून पाहण्याची परीक्षा मला कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

येणाऱ्या-जाणाऱ्या दोषासाठी कृती हीच ठेवावी: भार चालू, नजर बल्बवर आणि हात वायरीवर. हँडल दोन्ही टोकांना वळवावे, क्लचची व ब्रेकची केबल हलवावी, सीटवर बसून गाडी दाबावी, कपलर डावी-उजवीकडे हलवावेत. दोष तापल्यावरच येत असेल, तर हेअर ड्रायरने संशयित भाग गरम करून पाहावा आणि पावसातच येत असेल, तर झाडांवर फवारायच्या पंपाने एकेका कपलरवर थोडे पाणी मारून पाहावे. सगळीकडे एकदम पाणी मारले, तर काहीच कळत नाही.

चार्जिंग

बॅटरी चांगली असून वारंवार उतरत असेल, तर इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजावे. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.६ व्होल्ट अपेक्षित आहेत. रेस वाढवूनही आकडा १२.५ च्या आसपास खिळून राहिला, तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर आवर घालत नाही. अशा वेळी बॅटरीतील पाणी लवकर आटते आणि बल्ब एकामागून एक जळतात.

चार्जिंग होत नसेल, तर इंजिन बंद करून स्टेटर आणि आरआर युनिट यांच्यामधील कपलर आधी डोळ्यांनी पाहावा. त्याचे पांढरे प्लास्टिक तपकिरी झालेले आणि एखादी पिन वितळून चिकटलेली दिसली, तर दोष बहुधा सापडलाच. तो ठीक असेल, तर सुटा करून स्टेटरच्या बाजूने तपासावे. तीन पिवळ्या वायरींच्या गाडीत मीटर एसीवर ठेवून, रेस वाढवून, तिन्ही जोड्यांमधील व्होल्ट मोजावेत. आकडा गाडीगणिक बदलतो, पण तिन्ही जोड्यांत तो जवळजवळ सारखा असावा आणि रेसबरोबर चढत जावा. ही टोके मोकळी असताना व्होल्ट कित्येक दशकांत जातात, म्हणून इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नये. त्यानंतर इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनाचा धातू यांच्यात कंटिन्युइटी पाहावी. ती असेल, तर कॉइलचे वेष्टण जळले आहे. हा निकष लहान गाड्यांना मात्र लावू नये, कारण त्यांच्यापैकी अनेकांत कॉइलचे एक टोक मुळातच अर्थ केलेले असते. स्टेटर ठीक निघाला, तर आरआर युनिटचे अर्थिंग, त्यापासून बॅटरीपर्यंतची धन वाट आणि शेवटी युनिट, असा क्रम ठेवावा.

जास्त चार्जिंगमागे एक चकवा असतो. काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीचे व्होल्ट थेट न पाहता इग्निशन स्विचनंतरच्या वायरीवर पाहतो. मघाच्या उदाहरणातील स्विच तिथे ०.६ व्होल्ट खात असेल, तर रेग्युलेटरला बॅटरी तेवढी कमी भरलेली दिसते आणि तो इमानदारीने जास्त चार्ज करत राहतो. नवे युनिट घालूनही आकडा तोच येतो.

गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद ठेवून ऋण टोक सोडावे, ते टोक आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर अ‍ॅम्पिअरवर जोडावा आणि सुरुवात मोठ्या श्रेणीपासून करावी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही दाबू नये. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत प्रवाह जवळजवळ शून्य असावा. एखादा मिलिअ‍ॅम्पिअर चालतो. ५० मिलिअ‍ॅम्पिअरची गळती ५ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत रिकामी करते. आरआर युनिटचा कपलर काढल्यावर गळती थांबली, तर त्याचा डायोड फुटला आहे.

स्पार्क नसेल तेव्हा

इथे वायरिंगच्या दृष्टीने एकच भेद महत्त्वाचा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये किल स्विच (इंजिन बंद करण्याचे बटण) पुरवठा तोडतो, तर बॅटरीशिवाय स्वतःच वीज निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोवर आणि मॅग्नेटच्या कॉइलवर चालणाऱ्या सीडीआयमध्ये तो वायर अर्थ करून स्पार्क मारतो. म्हणून पहिल्या प्रकारात स्पार्क नसल्यास एचटी कॉइलच्या धन टोकावर भाराखाली व्होल्ट मोजावेत. दुसऱ्या प्रकारात किल स्विचची वायर सीडीआयपाशी सोडवून किक मारून पाहावी. स्पार्क परतला, तर ती वायर कुठेतरी चासीला टेकते आहे. या चाचणीनंतर गाडी चावीने बंद होणार नाही, याची आठवण ठेवावी. स्पार्क पाहताना प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवलेला असावा आणि प्लगच्या भोकापासून दूर असावा.

दुरुस्ती

सापडलेला दोष टेप गुंडाळून झाकला, तर तो अधिक वाईट रूपात परततो. वायर सोलल्यावर आतील तांबे काळे किंवा हिरवट दिसले, तर उजळ तांबे लागेपर्यंत ती मागे कापत जावी आणि त्याच जाडीचा नवा तुकडा घालावा. दिव्यांसाठी ०.७५ ते १ चौरस मिलिमीटर आणि मुख्य पुरवठ्यासाठी २ ते २.५ चौरस मिलिमीटर वायर साधारणपणे पुरते. थिंबल योग्य पंचने दाबावे. सोल्डर करायचाच असेल, तर लक्षात घ्यावे की सोल्डर वायरीत पुढे झिरपतो, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या कंपनांमुळे वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून सोल्डरचा जोड वळणाच्या जागी कधीही ठेवू नये आणि हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळली जाणारी नळी) दोन्ही बाजूंनी पुरेशी पुढे न्यावी. स्लीव्ह आधी वायरीत ओवून मग जोड करायचा असतो, हे मी आजही दर तिसऱ्या जोडाला विसरतो.

बारीक स्विचमधून मोठा भार जात असेल, तर हेडलाइटला रिले बसवणे शहाणपणाचे ठरते. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर द्यावी, ८७ वरून हेडलाइटला वायर न्यावी, ८६ ला जुन्या स्विचची वायर जोडावी आणि ८५ अर्थ करावे. हा रिले बॅटरीवर चालणाऱ्या हेडलाइटसाठीच आहे. एसीवरच्या हेडलाइटला तो असा जोडू नये. इंडिकेटरला एलईडी बल्ब लावल्यावर ते लुकलुकेनासे झाले किंवा भराभर लुकलुकू लागले, तर तो वायरिंगचा दोष नसतो. जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहावर चालतो, तो एलईडीला चालणारा घ्यावा.

वायरिंग परत बांधताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, हेडस्टॉकपाशी वायरी ताणल्या जाणार नाहीत एवढी ढील ठेवावी आणि मगच पट्टे आवळावेत. टाकी बसवल्यावर तिच्याखाली एखादी वायर चिमटली नाही ना, हे टॉर्चने पाहावे. नंतर सर्व दिवे लावून पुन्हा एकदा व्होल्टेज ड्रॉप मोजावा आणि आकडे त्या रंगवलेल्या डायग्रामवर तारखेसह लिहून ठेवावेत, बदललेल्या वायरींच्या नव्या रंगांसह.